पिढीची बेगमी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. तेहेतीस वर्षे फळ्यापुढे उभी राहून बोलले, तेवढाच काय तो बोलण्याचा सराव. तेव्हा बोलता बोलता मी मध्येच 'समजले का?' असे विचारले, तर रागावू नका. ती जुनी खोड आहे.

मला विषय दिला आहे 'शिक्षण आणि पुढची पिढी'. विषय मोठा आहे. मोठा विषय आला की आपण मोठे शब्द शोधू लागतो, आणि मग ऐकणाऱ्याला जांभया येऊ लागतात. म्हणून मी आपल्या घरातल्याच एका गोष्टीपासून सुरुवात करते.

चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या गच्च्या आणि अंगणे भरून जातात. कुरडया, पापड, शेवया, सांडगे. वर्षाचे तिखट, वर्षाची हळद, कैरीचे लोणचे. घामाच्या धारा लागलेल्या असतात, हात भाजतात, तरी आपण हे करतो. कारण आषाढात आभाळ गळू लागले आणि पोराने पापड मागितला, तर डबा रिकामा निघता कामा नये. ह्याला आपण बेगमी म्हणतो. ज्या बाईला आषाढातल्या पापडाची काळजी चैत्रात असते, तिला दूरदृष्टी शिकवायला कोणी पंडित यावा लागत नाही.

तेव्हा 'बायकांना पुढचे दिसत नाही' हे म्हणणे मी खरे मानीत नाही. उलट आपल्याला फार पुढचे दिसते. मुलगी पाळण्यात असते, तेव्हापासून तिच्या लग्नाची भांडी आपण जमवू लागतो. भिशी लागली की एखादा मणी, एखादी अंगठी करून ठेवतो. वीस वर्षांनंतर लागणाऱ्या वस्तूसाठी आज पोटाला चिमटा घेतो. मग प्रश्न असा येतो की, एवढी दूरदृष्टी असलेल्या आपण मुलीच्या लग्नाची बेगमी जशी करतो, तशी तिच्या शहाणपणाची बेगमी का करीत नाही? वर्षाची बेगमी आपल्याला येते. पिढीची बेगमी आपण शिकलो आहोत काय?

माझी आजी निरक्षर होती. तिच्या घरात उतरंडीच्या मागे एक मडके असे. त्यात राखेत घोळलेले ज्वारीचे बी असायचे, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीने लिंपलेले. एका साली घरात दाणा उरला नव्हता. उसनवारीही होईना. मी लहान, मला भूक लागलेली. मी म्हटले, त्या मडक्यातले काढ की. आजी माझ्यावर ओरडली नाही. जवळ घेऊन एवढेच म्हणाली, "आज हे खाल्लं, तं पुढच्या साली वावरात काय पेरशीन?" आता बियाणे दुकानातून पिशवीत येते, मडकी गेली. पण खाण्याचा दाणा वेगळा आणि पेरण्याचा दाणा वेगळा, हे त्या दिवशी मला कळले ते कायमचे. शिक्षणावर खर्च केलेला पैसा, वेळ आणि धीर हा पेरण्याचा दाणा आहे. अडचण आली की पहिला हात त्यालाच लागतो, हे आपले दुर्दैव आहे.

भगिनींनो, हा जिल्हा जिजाऊंच्या माहेरचा आहे. दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो, माथा टेकवतो. जिजाऊंनी पोराला घडवले आणि घडवलेल्याचे फळही डोळ्यांनी पाहिले. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्यांनी डोळे मिटले. असे भाग्य हजारांत एखादीला लाभते. पेरणाऱ्याच्या हाती पीक येईलच, असा शिक्षणात नेम नाही. म्हणून मला आज ह्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे, जिच्या वाट्याला फळ पाहणे आले नाही.

तिचे नाव ताराबाई शिंदे. आपल्याच बुलढाण्याची. १८५० च्या सुमारास तिचा जन्म झाला. वडील बापूजी हरि शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करीत. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या समाजाचे ते कार्यकर्ते होते. त्या काळी ह्या भागात मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच बसवून मराठी शिकवले, संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली.

हे आपण एका वाक्यात ऐकून पुढे जातो, पण जरा थांबा. कचेरीतून दमून आलेला एक कारकून आहे. बाहेर अंधार पडला आहे. मुलीला शिकवून त्याला काय मिळणार होते? तिला नोकरी कोणी देणार नव्हते. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, सरकारी बक्षीस नव्हते. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, ते आपण आजच्या अनुभवावरूनही ताडू शकतो. तरी तो माणूस शिकवीत राहिला.

पुढे १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेचा खटला फार गाजला. तिने बदनामीच्या भीतीने आपल्या नवजात बाळाचा जीव घेतला, म्हणून तिला शिक्षा झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्यात बसून ताराबाईने ते वाचले आणि लेखणी उचलली. १८८२ साली तिचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक पुण्यास छापले गेले, प्रती ५००. जे जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा सवाल तिने त्यात केला. भाषा पुस्तकी नाही. चुलीजवळची, ओसरीवरची, जिवंत भाषा आहे. विधवांचे हाल, बायकांवर लादलेले पातिव्रत्याचे ओझे, पुरुषांच्या सोयीने लावलेले शास्त्रार्थ, काही म्हणून तिने सोडले नाही.

लोकांनी तिची टर उडवली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात तिची बाजू घेतली. परंतु ताराबाईचे दुसरे पुस्तक काही आढळत नाही. ती गप्प झाली, आणि पुस्तक विसरले गेले. एक वर्ष नव्हे, दहा वर्षे नव्हे, तब्बल ९३ वर्षे. १९७५ साली, जे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले त्याच वर्षी, संशोधक स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा छापून काढले. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन ह्या विदुषीने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. आज देशोदेशीच्या विद्यापीठांत बुलढाण्याच्या ह्या बाईचे पुस्तक अभ्यासले जाते.

मला सांगायचे आहे ते हे. बापूजींनी ओसरीवर जे बी टाकले, त्याचे झाड एका पिढीत उभे राहिले. पण त्याची सावली लोकांना मिळायला शंभर वर्षे लागली. बापूजींना ते दिसले नाही. ताराबाईलाही दिसले नाही. पण बी टाकलेच नसते तर १९७५ साली मालशांच्या हाती काय लागले असते?

ज्या १८८२ साली ताराबाईचे पुस्तक निघाले, त्याच साली आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा आपल्या मुलींशी थेट संबंध आहे. इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले होते. जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिले. रयतेच्या पैशावर मूठभरांचे शिक्षण होते, रयतेची पोरे मात्र निरक्षर राहतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक सढळ हाताने तजवीज करा असेही विनवले. ही मागणी तेव्हा मान्य झाली नाही.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. इंग्रजी मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. गोखले तेव्हा जे बोलले, त्याचा आशय मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे. ते म्हणाले की, आमच्या पिढीच्या नशिबी अपयश पत्करूनच देशाची सेवा करणे आहे. यश मिळवून सेवा करणारे स्त्री-पुरुष मागाहून येतील. हरलेला माणूस असे बोलतो, तेव्हा तो हरलेला नसतो.

१९५० साली राज्यघटना आली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तिच्यात लिहिले गेले. दहा वर्षे गेली, वीस गेली, पन्नास गेली. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. १८८२ ते २०१०, हिशेब करा. एकशे अठ्ठावीस वर्षे झाली. जोतीरावांनी मागितले ते त्यांच्या पणतवंडांच्याही पोरांच्या पदरात पडले. मधल्या पिढ्यांपैकी एखादीने 'आपल्या हयातीत होत नाही, तर कशाला' असे म्हटले असते, तर ही माळ तुटली असती. आपण प्रत्येकजण तिच्यातला एकेक मणी आहोत. समजले का?

आता आपला मणी कोणता, ते पाहू.

हा कायदा मुलाला सहाव्या वर्षी बोटाला धरतो आणि चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीनंतर, बोट सोडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठरा वर्षांपर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण उद्दिष्ट वेगळे आणि हक्क वेगळा. दुसरीकडे मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने अठरा आहे. म्हणजे चौदा ते अठरा ही चार वर्षे अशी आहेत की शिक्षणाच्या कायद्याने हात सोडला आहे आणि लग्नाला कायद्याची परवानगी नाही. ह्या चार वर्षांत मुलगी कोणाच्या हाती? आईबापांच्या, आजीच्या, शेजारणींच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या हाती. पोरगी नववीला गेली की घरी बसली, ते ह्याच चार वर्षांत घडते. कोणी ठरवून करीत नाही. आजी आजारी पडते, धाकट्याला सांभाळायला कोणी नसते, गाडीची वेळ जमत नाही, एखादे वाह्यात पोर स्टँडवर काही बोलते, पाऊस दगा देतो, आणि एक दिवस दप्तर खुंटीला लागते ते पुन्हा खाली उतरत नाही.

भगिनींनो, हे मी पुस्तकातून सांगत नाही. आज आपल्यापुढे एक गोष्ट कबूल करण्यासाठी मी उभी आहे. आजवर ती मी कोणापाशी बोलले नव्हते.

१९८४ सालची गोष्ट. मी एका खेड्यात शिकवीत होते. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, चौदा वर्षांची. गणितात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. फळ्यावर उदाहरण लिहून होते न होते तोच तिचे बोट वर. वैशाखात तिचे लग्न ठरले. तेव्हाही कायदा होताच. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे वय अठरा झाले होते, आणि ते मला पक्के ठाऊक होते. तिचे वडील स्वतः पत्रिका घेऊन आले. भला माणूस. मोठ्या मुलीबरोबर एकाच मांडवात हिचेही उरकले तर एक खर्च वाचतो, म्हणाले. मी पत्रिका घेतली, चहा केला, 'येते' म्हटले. आणि गेले. अक्षता टाकल्या. पंगतीत बसून जेवले. आहेरही केला.

मी गप्प का बसले? मनाशी पुष्कळ कारणे सांगितली. गावात मी नवी आहे. दुसऱ्याच्या घरात आपण कोण बोलणार? एकटी बाई बोलून ऐकणार कोण? कारणे सगळी खरी होती. तरी मी गप्प बसले, हेही खरे.

एकोणीस वर्षांनी एका एस.टी. स्टँडवर एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बरोबर दप्तर घेतलेली पोरगी. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, वळखलं का मले?" मी ओळखले. डोळे तेच होते. घर, शेत, सासू, सगळी विचारपूस झाली. आणि मग हसत हसत, रागाचा लवलेशही नसताना, ती म्हणाली, "माह्या लग्नात तुमी आल्त्या न, बाई. मले वाटलं व्हतं, आता बाई बाबाले काही तरी म्हनतीन."

एवढेच. पुढे ती बोलली नाही आणि मलाही बोलवेना. गाडी लागली. चढताना तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, "हे दहावीत हाये. कोनी काही म्हनो, हिले शिकोतोच." मी फेडायचे कर्ज त्या बिचारीने स्वतः फेडले होते. पण मधली एकोणीस वर्षे तिची गेली, माझी नव्हे. मांडवात बसलेली ती पोर अक्षता पडेपर्यंत माझ्याकडे आशेने पाहत होती, हे मनात आले की आजही घास अडतो.

म्हणून पुढच्या पिढीची जबाबदारी हा शब्द मी ऐकते, तेव्हा मला दूरचे काही दिसत नाही. मला मांडवातले ते दोन डोळे दिसतात. पुढची पिढी शंभर वर्षांनी येणार नाही. ती आपल्या शेजारच्या घरात आलेली आहे आणि आपण काही बोलतो का, हे ती पाहत आहे.

आता आपल्यापैकी काहीजणी मनात म्हणत असतील, बाई, हे सगळे ठीक. पण शिकून तरी काय? पदवीधर मुली घरी बसल्या आहेत, नोकरी कोठे आहे? प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. नोकरी प्रत्येकीला मिळेल असे मी सांगत नाही. पण बँकेतली स्लिप, पीकविम्याचा अर्ज, सातबारावरचे नाव, बाळाच्या औषधाच्या बाटलीवरचे अक्षर, ह्यांतले कोणते काम नोकरीवाचून अडले आहे? शिकलेली आई घरी बसली, तरी तिच्या मांडीवरचे मूल घरी बसत नाही. बापूजींनी ताराबाईला नोकरीसाठी शिकवले नव्हते.

आणि त्या बापालाही मी दोष देत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे एक साल पावसाअभावी जाते, दुसरे पावसाने जाते. तो मुलीचा वैरी नाही. तो भ्यालेला आहे. कर्जाला भ्यालेला, रस्त्याला भ्यालेला, लोकांच्या जिभेला भ्यालेला. भ्यालेल्या माणसाला उपदेश करून काही होत नाही. त्याची भीती वाटून घ्यावी लागते. आपल्याच विदर्भातले गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले की, जेवायला ताट नसेल तर हातावर भाकरी घ्या, पण पोराला शाळेत घाला. १९५६ साली बाबा गेले. हातावर भाकरी घेण्याची वेळ आता आपल्यापैकी पुष्कळजणींवर राहिलेली नाही. मग आपला वाटा थोडा अधिक नको काय?

तेव्हा मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. त्यांवर कार्यकारिणीने विचार करावा.

पहिली सूचना नोंदवहीची. दर जूनमध्ये आपल्या वस्तीतली आणि आपल्या कामाच्या बाया ज्या वस्त्यांतून येतात तेथली, आठवी पास झालेली प्रत्येक मुलगी एका वहीत लिहावी. प्रत्येक सभासदाने दोन घरे घ्यावीत. दिवाळीपूर्वी एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा आणि परीक्षेनंतर एकदा त्या घरी जावे. चौकशी करायला नव्हे, बसायला. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे नाव वहीतून काढू नये. अशी वही आपल्या मंडळाने कधी ठेवली नाही. भिशीची मात्र पै न पै लिहिलेली आहे!

दुसरी सूचना पैशाची. यंदाच्या शिलकीतून दर सभासदास एकेक भेटवस्तू द्यावी, असे घाटत आहे असे मी ऐकते. मागच्या वेळी मिळालेला स्टीलचा डबा माझ्याही फडताळात आहे. चांगला आहे, मी त्यात रवा ठेवते. पण आता माझ्या घरात डबे पुरेसे झाले. ही शिल्लक बियाण्याच्या मडक्यासारखी बाजूला ठेवावी. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही. व्याजातून आणि वर्षाच्या वर्गणीतून परीक्षेची फी, पुस्तके, वसतिगृहाची अनामत, असे काही भागवावे. सरकारच्या सवलती आहेत. खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. ज्यांच्या घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, अशा मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ सालापासून महाराष्ट्रात माफ झाली आहे. पण मोताळ्याकडून राजूर घाट चढून येणाऱ्या मुलीला उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे कोण सांगणार? तहसिलीच्या दोन चकरांत तिच्या बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. आपल्यातल्या ज्या भगिनी दुपारी मोकळ्या असतात, त्यांनी तिच्याबरोबर जावे. ह्याला पैसाही लागत नाही.

तिसरी सूचना अवघड आहे, आणि ती मांडण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मी आताच आपल्याला सांगितले आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीच्या अंगावर आपल्या मंडळातल्या एकाही बाईच्या हातची अक्षता पडू नये. पत्रिका आली की चहा जरूर करावा, पण त्याच वेळी दोन शब्द बोलावेत. एकटीने नव्हे, चौघी मिळून जावे. एकटीचे कोणी ऐकत नाही, हे मला १९८४ साली वाटले होते. पण चौघी गोळा करण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही. समजावून, मदत देऊन, थांबण्याची वाट काढून पाहावे. आणि काहीच चालेना, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तो फिरवायला कचरू नये. शेजारधर्म मोडेल, बोलणे बंद होईल, हे मला दिसते आहे. माझा शेजारधर्म त्या वेळी शाबूत राहिला होता. त्याची किंमत कोणी दिली, तेही मी सांगितले.

भगिनींनो, ह्या कामाचे फळ पुढच्या वर्धापनदिनी मोजता येणार नाही. अहवालात लिहायला फार तर एवढेच सापडेल की, अमुक इतक्या मुली नववीत टिकल्या. टाळ्या पडण्याजोगे त्यात काही नाही. त्यांतली एखादी पुढे काय करील, तिची मुलगी काय करील, हे पाहायला माझ्यासारख्या पिकल्या पानांनी असण्याचे कारणही नाही. बापूजींच्या ओसरीवर काय चालले आहे, हे त्या वेळच्या बुलढाण्यात कितीजणांना ठाऊक असेल?

ही स्मरणिका आपल्या फडताळांत पडून राहील. कधीतरी एखादी नात कपाट आवरताना ती उघडून पाहील. त्या दिवशी तिला हे वाचता यावे, आणि वाचून तिने म्हणावे की आमच्या आज्यांनी मडक्यातले बी खाऊन टाकले नाही. मंडळाकडून ह्याहून मोठी भेटवस्तू मला नको.

नोंदवहीसाठी एक कोरी वही मी येतानाच आणली आहे. ती अध्यक्षीणबाईंच्या हाती देते आणि पहिली दोन घरे माझ्या नावावर लिहावीत, अशी विनंती करून आपली रजा घेते.